व्यक्तिचित्रातली देहबोली: खांद्यांपासून बोटांपर्यंत, टप्प्याटप्प्याने

व्यक्तिचित्रण शिकताना पहिली काही वर्षं चेहऱ्यातच जातात आणि ते योग्यही आहे. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची बाजू, ओठांचे कोपरे यांवर हात बसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण साम्य येऊ लागलं की नवीनच अडचण समोर येते. चेहरा हुबेहूब त्या माणसाचा आणि गळ्याखालचं धड मात्र कुणाचंही. खांदे पट्टीने आखल्यासारखे, हात चौकटीबाहेर कापलेले किंवा मांडीवर नुसते ठेवून दिलेले. घरची माणसं चित्र बघून "अगदी तसेच दिसतात" म्हणतात आणि थोड्या वेळाने कुणीतरी हळूच बोलतं, "पण बाबा असे बसायचे नाहीत."

ज्यांना डोक्याचं चित्र बऱ्यापैकी जमतं आणि आता कमरेपर्यंतचं किंवा पूर्णाकृती व्यक्तिचित्र करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माध्यम तैलरंग असो, जलरंग असो की पेस्टल, पायऱ्या त्याच.

देहबोलीचे जे ठोकताळे सगळीकडे वाचायला मिळतात ते आधी बाजूला ठेवा. हाताची घडी म्हणजे मन बंद, हनुवटीवर हात म्हणजे विचार, खाली नजर म्हणजे संकोच. चित्रकाराला यांचा उपयोग नाही. माणूस हाताची घडी थंडी वाजते म्हणूनही घालतो, आणि आयुष्यभर वर्गात तसं उभं राहायची सवय म्हणूनही. चित्रातल्या हावभावाला अर्थ येतो तो दोन गोष्टींतून: त्या काळाचा आणि समाजाचा रिवाज, आणि त्या एका माणसाच्या अंगात मुरलेली सवय. दोन्ही ओळखता आल्या की मगच काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येतं.

पहिली पायरी: जुनी चित्रं स्वतःच्या अंगाने वाचा

कोणतंही जुनं व्यक्तिचित्र घ्या. चेहरा अंगठ्याने झाका आणि फक्त शरीराबद्दल तीन वाक्यं लिहा: भार कुठे आहे, कोणता स्नायू ताणलेला आहे, हात काय करतो आहे. विशेषणं टाळा. मग शरीर झाकून चेहऱ्याबद्दल लिहा. दोन्ही टिपणं जुळतात का ते बघा. त्यानंतर उठून त्याच ठेवणीत बसा किंवा उभे राहा आणि मिनिटभर तसेच थांबा. चित्र नुसतं बघून जे कळत नाही ते इथे पाठीला आणि मानेला कळतं.

फ्रान्स हाल्सचं १६२४ सालचं 'लाफिंग कॅव्हेलियर' म्हणून ओळखलं जाणारं चित्र यासाठी उत्तम आहे. ते लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. त्यातला तरुण खरं तर हसत नाही, जेमतेम स्मित आहे. हात कमरेवर, शरीर तिरकं, आणि कोपर थेट बघणाऱ्याच्या अंगावर आलेलं. त्या कोपरावरची भरतकाम केलेली बाही चेहऱ्याइतकीच जागा मागते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात कमरेवर हात ठेवून कोपर बाहेर काढणं ही सरदारांची, सैनिकांची, अधिकार असलेल्या पुरुषांची ठेवण होती. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं चित्रकार होल्बाइनने १५३७ साली घडवलेलं रूप बघा: पाय फाकवून समोरासमोर उभा, कोपरं बाहेर, शरीराने सगळी रुंदी व्यापलेली.

आता पंढरपूरचा विठोबा डोळ्यांपुढे आणा. तिथेही दोन्ही हात कमरेवरच आहेत. पण त्या उभ्या राहण्यात दरारा नाही. तिथे वाट पाहणं आहे, न थकता उभं असणं आहे. हाताची जागा तीच असून अर्थ इतका का बदलतो? विठोबाचे पाय विटेवर सम आहेत, भार दोन्हींवर सारखा, खांदे एका पातळीत, शरीर समोर, कोपरं दोन्ही बाजूंना सारखी. हाल्सच्या तरुणाचं शरीर वळलेलं आहे, एक खांदा पुढे काढलेला आहे, चेहरा वळून आपल्याकडे आला आहे. म्हणजे अर्थ एकट्या हातात नसतो. तो पाय, कंबर, खांदे, मान या सगळ्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतो. या लेखातून एवढी एकच गोष्ट घेतलीत तरी चालेल.

रिवाज किती घट्ट असतो याची दोन उदाहरणं. झाक-लुई दाविदने १८१२ साली रंगवलेल्या नेपोलियनचा हात वेस्टकोटात आहे. त्यावरून त्याच्या पोटदुखीचे अंदाज आजही बांधले जातात. पण वेस्टकोटात हात घालून उभं राहणं ही त्याआधीच्या शतकात युरोपातल्या सभ्य गृहस्थांच्या चित्रांत रुळलेली पद्धत होती, संयम दाखवणारी. दुसरं रेम्ब्रांटचं. १६४० च्या आत्मचित्रात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने कठड्यावर हात टेकवला आहे. ही ठेवण त्याने तिशियन आणि राफाएल या आधीच्या इटालियन दिग्गजांच्या चित्रांवरून घेतली, जी त्या सुमारास आम्स्टरडॅममध्ये त्याच्या पाहण्यात आली होती. तो हात सांगतो: मी त्यांच्या रांगेतला आहे.

आपल्याकडेही असे रिवाज आहेत. मुघल लघुचित्रांत बादशहाचा चेहरा एका बाजूने दिसतो आणि हातात फूल किंवा रत्न असतं. हातात काहीतरी नाजूक अलगद धरणं हा तिथे सत्तेचाच भाग आहे. मग कॅमेरा आला. जुन्या स्टुडिओत एक्सपोजर लांब असायचं, म्हणून डोकं मागून चिमट्याने धरून ठेवायचे, हात टेबलावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवायला लावायचे. तो ताठपणा तंत्रामुळे आला होता, पण संस्थांच्या सभागृहांतून आणि वाड्यांच्या दिवाणखान्यांतून तोच 'भारदस्तपणा' म्हणून रूढ झाला. आजही कुणाला चित्रासाठी बसवलं की तो माणूस आधी तसाच बसतो. म्हणून दुसरी पायरी.

दुसरी पायरी: बसवण्याआधी बघा

समजा, तुम्हाला एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं चित्र करायचं आहे. पुढेही मी याच बाईंचं उदाहरण घेतो. पहिल्या भेटीला रंग नेऊ नका. छोटी वही आणि पेन्सिल न्या, आणि ती वहीसुद्धा लगेच उघडू नका. चहा होऊ द्या, गप्पा होऊ द्या.

पहिल्या अर्ध्या तासात बाई जे करतील त्यातलं बरंचसं तुमच्यासाठी असेल. पदर खांद्यावर नीट घेणं, पाठ ताठ करणं, हात मांडीवर जुळवणं. पाहुण्यासमोरचं हे वागणं आहे, ते खोटं नाही, पण ते तुमच्याशी बोलतं आहे. त्यांची खरी ठेवण तुम्ही विसरला गेलात की दिसते. त्यासाठी त्यांना ज्या विषयावर बोलायला आवडतं तिकडे गप्पा न्या. "बाई, तुमच्या शाळेतला सगळ्यात खोडकर वर्ग कोणता?" असा प्रश्न "आरामात बसा" म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. "आरामात बसा" म्हटलं की कुणीही आरामात बसत नाही.

या वेळात तीन गोष्टी टिपायच्या. बोलणं थांबलं की हात कुठे परततात? त्यांच्या शरीराचा घरी जाण्याचा रस्ता तोच. ऐकताना डोकं कोणत्या बाजूला कलतं? आणि ठाम मत मांडताना शरीराचा कोणता भाग आधी हलतो? काहींचा खांदा, काहींची हनुवटी, काहींची फक्त तर्जनी.

आँग्रने १८३२ साली रंगवलेलं वृत्तपत्राचे मालक बेर्तँ यांचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याबद्दल असं सांगितलं जातं की आँग्रला ठेवण सापडत नव्हती, तो हताश झाला होता, आणि मग एकदा बेर्तँ चर्चेच्या भरात दोन्ही पंजे मांड्यांवर रोवून बसलेले त्याला दिसले. चित्रात तेच आलं: कोपरं बाहेर, बोटं पसरलेली, धड थोडं पुढे. उत्तर द्यायच्या तयारीत असलेला माणूस. पुढे पिकासोने लेखिका गर्ट्रूड स्टाइनचं चित्र (१९०५–०६) करताना या बैठकीचा आधार घेतला असं मानतात. तिथे एक स्त्री तशी बसल्यामुळे त्या ठेवणीचा अर्थ आणखी रुंदावला.

वहीत पाच-सात अगदी लहान रेखाटनं करा, आगपेटीएवढी. डोळे-नाक काढू नका. फक्त डोक्याचा अंडाकार, खांद्यांची रेषा, कमरेची रेषा, हातांची दिशा. एवढ्यावरून बाईंना ओळखणारं माणूस "ह्या बाईच" म्हणालं तर ठेवण सापडली.

ज्यांचं चित्र करायचं ते हयात नसतील आणि हाती एकच पासपोर्ट फोटो असेल, तर घरच्यांना विचारताना "ते कसे होते?" असं विचारू नका. "ते कसे बसायचे, जरा बसून दाखवा" म्हणा. मुलगा किंवा मुलगी खुर्चीत बसून दाखवते तेव्हा वडिलांची ठेवण बऱ्याचदा आपसूक उतरते, कारण ती त्यांच्याही अंगात आलेली असते. त्याच बैठकीत त्यांचे हात रेखाटून घ्या.

तिसरी पायरी: भार ठरवा

बसलेलं असो की उभं, शरीर कुठेतरी वजन टाकतं. ते कुठे टाकलं आहे हे चित्रात दिसलं नाही तर माणूस हवेत टांगलेला वाटतो, मग चेहरा कितीही चांगला असो.

उभ्या माणसाचा भार एका पायावर आला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. खांद्यांची आणि कमरेची रेषा अशी उलट कलली की शरीर जिवंत दिसतं. आपल्या शिल्पांतला त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वळलेली उभी ठेवण, याच तत्त्वावर उभा आहे. कमरेपर्यंतच्या चित्रात पाय दिसत नाहीत तरीही ते कुठे आहेत हे ठरवावंच लागतं, कारण खांदे त्यांच्यावरच अवलंबून असतात.

खुर्ची हा व्यक्तिचित्राचा सवयीचा तोडगा आहे, पण सगळी माणसं खुर्चीची नसतात. जन्मभर मांडी घालून गाणाऱ्याला किंवा पेटी वाजवणाऱ्याला खुर्चीत बसवलं की त्याचे खांदे परके होतात. शेतावरचा माणूस उकिडवा बसला की कोपरं गुडघ्यांवर येतात, पंजे पुढे लोंबतात, आणि त्या लोंबत्या पंजांत दिवसभराचं काम दिसतं. पाटावर, ओट्यावर, झोपाळ्यावर, जिन्याच्या पायरीवर बसलेलं माणूस रंगवायला काहीच हरकत नाही.

बाईंना खुर्चीच बरोबर. पण पाठ टेकवून की कडेला बसून? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायची सवय असेल तर त्या बहुधा एका हाताने खुर्चीचा हात धरतील आणि भार त्या कोपरावर टाकतील. मग तो खांदा उचलला जाईल, दुसरा उतरेल. हा उतार पहिल्या रेषेतच पकडा. नंतर आणता येत नाही.

चौथी पायरी: मान, डोकं, नजर

इथे तीन दिशा आहेत: छातीची, चेहऱ्याची आणि नजरेची. तिन्ही एकाच दिशेला असल्या तर माणूस ठाम, औपचारिक किंवा ओळखपत्रावरचा वाटतो. छाती एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे असला की आत्ताच कुणीतरी हाक मारली असं वाटतं. चेहरा वळलेला पण नजर आणखी पुढे किंवा मागे गेली तर सावधपणा येतो. बाईंसाठी मी छाती थोडी डावीकडे, चेहरा पाऊण (एक गाल पूर्ण, दुसरा थोडा दिसेल असा) आणि नजर सरळ बघणाऱ्यावर ठेवेन. वर्गात शिरणाऱ्याकडे बघण्याची ती पद्धत आहे.

मान वळली की कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत जाणारा स्नायू उठून येतो. तो नीट काढला तर वळण पटतं. साडी, शर्टाची कॉलर किंवा उपरणं यांखाली तो झाकला जात असेल तर कापडाच्या चुणीने ते काम करायचं.

स्मिताबद्दल थोडंच सांगतो. हसू फार वेळ धरून ठेवता येत नाही, ते गोठतं आणि डोळ्यांखालची हालचाल आधी मरते. ओठ न ताणता गाल किंचित उचललेले आणि खालच्या पापण्या थोड्या वर आलेल्या, एवढ्यावर थांबा.

पाचवी पायरी: हात

हात टाळू नका. चौकट छातीवर कापून हात वगळणं कधी कधी योग्य असतं, पण ते भीतीपोटी नसावं.

आधी किती हात दाखवायचे ते ठरवा. दोन्ही हात सारखेच ठळक असले तर ते एकमेकांशी भांडतात. एक बोलका ठेवा, दुसरा शांत. वेलास्केसने १६५० साली रंगवलेल्या पोप इनोसंट दहावे यांच्या चित्रात (रोमचं दोरिया पाम्फिली) एक हात खुर्चीवर सैल पडला आहे, दुसऱ्यात कागद आहे. चेहऱ्यावरची भेदक नजर आणि तो सैल हात यांतल्या अंतरामुळेच तो माणूस इतका भीतीदायक वाटतो. हात आणि चेहरा एकच गोष्ट सांगत असले तर चित्र सोपं होतं. थोडा विरोध असला तर बघणारा थांबतो. सार्जंटच्या १८८१ मधल्या डॉक्टर पोझी यांच्या पूर्णाकृती चित्रात लाल अंगरख्यावरची लांब बोटं हेच खरं आकर्षण आहे, आणि ती एका शल्यचिकित्सकाची बोटं आहेत.

दुसरी गोष्ट क्षणाची. प्रत्येक हावभावाला सुरुवात, शिखर आणि उतार असतो. शिखर रंगवू नका. हवेत उचललेला, बोटं पसरलेला हात कॅनव्हासवर वर्षानुवर्षं तसाच राहिला की दमलेला दिसतो. हात निघतो आहे किंवा परतून विसावतो आहे तो क्षण घ्या. बाई ठासून बोलताना तर्जनी उगारत असतील, तर उगारलेली तर्जनी नको. बोलून झाल्यावर हात टेबलावर येतो आणि तर्जनी अजून इतर बोटांपेक्षा किंचित सरळ असते, ती हवी.

आता प्रत्यक्ष रेखाटन. मी हा क्रम ठेवतो:

१. कोपरापासून मनगटापर्यंतची दिशा. हात बिघडतो तो बहुतेक वेळा बोटांत नव्हे, कोपर चुकल्यामुळे. आधी पूर्ण दंड-कोपर-मनगट अशी मोडलेली रेषा काढा, बाहीआड लपली असली तरी.

२. आकार. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत असतं. शिकाऊ चित्रकार हात नेहमी लहान काढतात. मोजून घ्या.

३. पंजा हा एक ठोकळा, चार बोटं मिळून दुसरा. अंगठा वेगळा, आणि त्याची सुरुवात मनगटापाशी होते, पंजाच्या मध्यावर नाही.

४. बोटांच्या मुळांची कमान. मागच्या बाजूने मधलं बोट मनगटापासूनच्या पूर्ण हाताच्या जवळपास निम्मं लांब दिसतं, तळव्याच्या बाजूने त्वचेच्या पडद्यामुळे आखूड दिसतं. हा फरक विसरला की हात रबरी होतो.

५. सैल हाताची बोटं तर्जनीकडून करंगळीकडे जाताना अधिकाधिक मिटत जातात. मधलं आणि अनामिका सहसा जोडीने राहतात. एल ग्रेकोच्या छातीवर हात ठेवलेल्या सरदारात (सुमारे १५८०, माद्रिदचं प्रादो) ही जोडी मुद्दाम ठळक केली आहे. सगळी बोटं सारख्या अंतरावर काढली तर फणी दिसते. दोन बोटं स्पष्ट करा, उरलेली एकत्र मिसळू द्या.

फोरशॉर्टनिंग आलं, म्हणजे हात थेट आपल्याकडे रोखलेला असला, तर बोटांच्या रेषांमागे न लागता त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांचे आकार काढा.

रंगांत आपल्याकडे एक खास मुद्दा आहे. उन्हात राहिलेल्या पंजाची मागची बाजू गडद आणि तळवा बराच फिकट असतो. तळवा बघणाऱ्याकडे वळला की चित्राच्या खालच्या भागातली सगळ्यात उजळ जागा तोच होतो आणि नजर चेहऱ्यावरून खाली खेचतो. तळवा दाखवायचा तर ठरवून दाखवा. वयस्कर हातावरच्या शिरांपैकी एक-दोनच घ्या. बांगड्या असतील तर त्यांचे लंबगोल नीट बघा. मनगट कोणत्या दिशेला वळलं आहे हे छायाप्रकाशाच्या आधी बांगडीच सांगते.

सहावी पायरी: हातात काय द्यायचं

रिकाम्या हाताला काम दिलं की तो सैल होतो. पण काम त्या माणसाचं हवं. बाईंच्या हातात पुस्तक देणं फार सोपं आहे आणि म्हणूनच मला ते नको वाटतं. चष्मा काढून हातात धरायची सवय असेल तर चष्मा द्या. तो धरताना बोटं आपोआप खरी होतात.

पदर ही तर आपली मोठी ठेव आहे. पदर खांद्यावरून पुढे ओढून हातात धरणं, कमरेला खोचणं, डोक्यावर घेऊन कडा कानामागे सरकवणं: प्रत्येकात वय, नातं, प्रसंग वेगळा. यातलं कोणतंही सौंदर्यासाठी म्हणून मागून घेऊ नका. त्या बाईंनी ते स्वतःहून केलेलं असेल तरच घ्या.

वस्तू, हात आणि प्रकाश एकत्र आल्यावर काय होतं हे बघायचं तर सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं जलरंगचित्र बघावं. दिवा घेतलेल्या तरुणीने ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे आणि बोटांतून उजेड झिरपतो. चेहरा उजळला आहे तो त्या हावभावामुळे. आडोसा काढून टाकला तर चित्रच उरणार नाही. तिथे हावभाव शोभेचा राहिलेला नाही, चित्राची सगळी रचना त्याच्यावर उभी आहे.

सातवी पायरी: बैठक आणि फोटो

वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं विश्रांती, हे प्रमाण बहुतेकांना झेपतं. वयस्कर व्यक्तीला पंधरा मिनिटांवर थांबवा. ठेवण त्यांच्या अंगाला झेपणारी हवी. चित्रकार व्हिसलरने आपल्या आईचं चित्र केलं तेव्हा ती सुरुवातीला उभी राहणार होती आणि ते सोसवेना म्हणून तिला बसवलं, असं सांगतात. १८७१ सालचं ते चित्र आज ज्या शांत बसण्यासाठी ओळखलं जातं, ते असं आलं.

उठण्याआधी पायांभोवती आणि कोपराच्या जागी खडूने किंवा चिकटपट्टीने खुणा करा. कापडाच्या चुण्यांचा फोटो घ्या, कारण परत बसल्यावर त्या तशाच पडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे हावभावाची रेषा पहिल्या पाच मिनिटांत लावून टाका. वीस मिनिटांनी खांदे खचतात, बोटं जड होतात. समोर दिसतं म्हणून ती थकलेली ठेवण 'दुरुस्ती' म्हणून घेऊ नका. पहिली रेषा सांभाळा.

फोटोवरून काम करायचं असेल तर फोन अडीच-तीन मीटर लांब ठेवून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला हात आणि गुडघा फुगतात. एकेक फोटो काढण्याऐवजी बोलतानाचा छोटा व्हिडिओ घ्या आणि त्यातून हावभाव विसावतानाची फ्रेम निवडा. चेहरा एका फ्रेममधला आणि हात दुसऱ्या फ्रेममधला असं जोडायचं असेल तर खांदा दोन्हींत त्याच उतारावर आहे ना, ते तपासा.

आठवी पायरी: रंगवताना

चेहरा आणि हात एकाच दिवशी, एकाच पॅलेटमधून सुरू करा. चेहरा पूर्ण करून मग हातांकडे गेलात तर हात दुसऱ्याच माणसाचे होतात. सुरुवातीला दोन्हीकडे फक्त उजेड आणि सावली असे दोन भाग करा. पुढे हातांचा उजेड चेहऱ्यापेक्षा एक पायरी खाली ठेवा आणि कडा जास्त सोडून द्या. डोळे किलकिले करून बघा. आधी हात दिसला तर तो दाबा.

काम थांबवण्याआधी पहिल्या पायरीतली चाचणी स्वतःच्या चित्रावर करा: चेहरा झाकून शरीर वाचा, मग उलट. बाईंना ओळखणाऱ्या कुणाला तरी चेहरा झाकलेलं चित्र दाखवा.

दोघांचं चित्र असेल तर आणखी एक गोष्ट लागते: मधली जागा. पती-पत्नी, आई-मुलगी, गुरु-शिष्य, कुणाचा खांदा कुणाच्या पुढे आहे आणि हात एकमेकांना लागतात की थोडक्यात राहतात, यावर सगळं नातं ठरतं. वान आइकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्यात (लंडनची नॅशनल गॅलरी) त्याने तिचा हात धरला आहे, पण बोटं आवळलेली नाहीत. तिचा तळवा त्याच्या हातावर उघडा ठेवलेला आहे. तेवढ्या एका जागेवर अभ्यासक आजही वाद घालतात.

प्रत्यक्ष कुठे बघावं

छापील चित्रांत हातांचे टोन (उजेड-सावलीच्या छटा) मरतात, म्हणून मूळ चित्रं बघायला हवीत. सातारा जिल्ह्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे, तिथे राजा रवि वर्मा आणि त्या काळच्या आपल्याकडच्या चित्रकारांचं काम आहे. पणजीत फुंदासाँव ओरिएंतमध्ये चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. घरातली माणसं, जवळून बघितलेली. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत, एकदा पुरुषवेषात आणि एकदा स्त्रीभूमिकेत. माणूस एकच आणि देहबोली दोन. नाटकाच्या मध्यंतरात गर्दी असते. शक्य तर पडदा वर जायच्या बऱ्याच आधी पोहोचा, वही काढा आणि दोन्ही चित्रांतल्या खांद्यांच्या रेषा शेजारी शेजारी उतरवून घ्या.